ती काय म्हणाली?

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे साताऱ्यात स्पोकन इंग्लिशचे क्लासेस होते. स्टँडच्या मागे दोन खोल्या, सकाळ-संध्याकाळ बॅचेस. अर्ध्या तालुक्याला आपण इंग्रजी बोलायला शिकवलं असं तो सांगायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बायकोला मात्र त्याने शिकवलं नाही. ती मराठी शाळेतली, इंग्रजी वाचायची पण बोलायला घाबरायची. लग्नानंतर एकदा ती हौसेने त्याच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली होती. त्याने तिला सगळ्यांसमोर उभं केलं, एक वाक्य बोलायला लावलं, आणि मुलं हसल्यावर स्वतःही हसला. ती पुन्हा तिथे गेली नाही. हे मला खूप नंतर कळलं.

दोघं सिंगापूरला आमच्याकडे यायला निघाली तेव्हा मी आनंदात होते. आम्ही तोआ पायोहला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. माझा नवरा आयटीत, मी एका बँकेच्या हिशेब खात्यात, आणि आमची मुलगी तिसरीत. माहेरचं कोणी आमच्या घरी राहायला येण्याची ती पहिलीच वेळ. मी रजा काढली, पुरणाची डाळसुद्धा आणून ठेवली. जावई पहिल्यांदा येणार म्हणून आईने फोनवरून चार-चारदा बजावलं होतं, "त्यांना काही कमी पडू देऊ नकोस."

विमानतळावर तो हसतमुख भेटला. उंच, गोरा, इस्त्रीचा शर्ट, प्रवासातही भांग न विस्कटलेला. बहीण त्याच्या मागे, खांद्याला दोन बॅगा. मी तिला मिठी मारली तर ती पाठ चोरून उभी राहिली. मला वाटलं, प्रवासाने अंग दुखत असेल.

घरी येईपर्यंत टॅक्सीत तो आम्हालाच सिंगापूर समजावून सांगत होता. इथली माणसं म्हणजे यंत्रं. शेजारी मेला तरी बघणार नाहीत. च्युइंगम थुंकलं की फटके. चिनी लोक भांडखोर, ते बोलतात तेच भांडल्यासारखं. मलायी लोक आळशी. त्याने हे कुठून गोळा केलं होतं कोण जाणे, पण बोलायचा इतक्या ठामपणे की ऐकणाऱ्याला आपलंच चुकत असेल असं वाटावं. चायनीज चालक आरशातून आमच्याकडे बघत होता. माझा नवरा हळूच म्हणाला, "त्यांना इंग्रजी शब्द कळतात बरं का." त्यावर तो म्हणाला, "मराठीत बोलतोय ना. मराठीला इथे कुलूप आहे. काहीही बोला."

मराठीला कुलूप आहे, हे त्याला फार सोयीचं होतं. पुढचे दिवस आम्ही फिरलो. ऑर्किडची बाग, नदीकाठ, काचेच्या घुमटातलं जंगल. सगळीकडे तो बहिणीला फोटोसाठी उभी करायचा आणि अगदी मऊ आवाजात, ओठांवरचं हसू न हलवता, मराठीत बोलायचा. "सरळ उभी राहा, म्हशीसारखी दिसतेयस." "तोंड बंद ठेव, दात दिसतात." एकदा धबधब्यासमोर फोटो काढताना मी जवळच होते. तो म्हणाला, "घरी गेल्यावर बघतो तुला." शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या बाईने त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं, किती छान जोडपं आहे, तुमच्या दोघांचा फोटो काढून देऊ का? त्याने झोकदार इंग्रजीत आभार मानले. बहिणीचा दंड त्याने धरला होता. त्याची बोटं तिच्या बाहीच्या कापडात रुतलेली मला दिसली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, "तो तुला मारतो का गं?"

ती कोथिंबीर निवडत होती. "ताई, तू इथे आहेस म्हणून चार दिवस बरे चाललेत. ते तसेच जाऊ देत."

"म्हणजे मारतो."

"हळू बोल. त्यांना ऐकू येतं."

मी तिला म्हटलं, तू इथेच राहा, परत जाऊ नकोस. ती माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तशी बघायला लागली. तिचा पासपोर्ट त्याच्याकडे होता. त्याने तिला सांगितलं होतं की इथे पासपोर्टशिवाय बाई रस्त्यावर दिसली तर पोलीस उचलतात, आणि बायकांनाही वेताने फोडून काढतात. तिला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. आणि आमच्यावर बालंट येऊन भावोजींचा नोकरीचा पास रद्द होईल. तिने हे सगळं खरं मानलं होतं. मी सांगितलं, यातलं काहीही खरं नाही. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. माझा शब्द आणि त्याचा शब्द यांत इतक्या वर्षांत त्याचाच शब्द मोठा झाला होता.

मी रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. आम्ही ठरवलं की उद्या सेंटोसा बेट बघून झालं की त्याच्याशी समोरासमोर बोलायचं आणि बहिणीला ठेवून घ्यायचं. पण त्याच्या आधी सकाळी हॉकर सेंटरला नाश्ता झाला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या इमारतीखाली, बाजाराला लागून, खाण्याच्या स्टॉलचं ते हॉकर सेंटर होतं. तिथे एका म्हाताऱ्या चिनी काकांचा शाकाहारी स्टॉल होता. तांदळाच्या शेवया, कोबी, तळलेलं टोफू, वर तिखट. बहिणीचा नवरा म्हणाला, "आज ऑर्डर मी देतो." तो रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आल्यावर त्याने क्लासमध्ये शिकवतात तसं लांबलचक, नम्र वाक्य बोलायला सुरुवात केली. काकांनी अर्ध्यावर तोडलं.

"हॅविंग हिअर? दापाव?"

त्याला कळलं नाही. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, एकेक शब्द तोडून. काकांनी पळी कढईवर आपटली. "हिअर? दापाव?"

मागची रांग वाढत होती. कोणीतरी चक् चक् केलं. तो माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "याला इंग्रजी येत नाही." तेवढ्यात बहीण पुढे झाली. ती गेले काही दिवस आमच्या मुलीबरोबर खाली जात होती आणि त्या पोरीच्या तोंडून तिने तिथलं बोलणं उचललं होतं. ती नवऱ्याला मराठीत म्हणाली, "अहो, ते विचारताहेत, इथे बसून खाणार की बांधून देऊ." मग काकांकडे वळून, बोटाने दाखवत, "अंकल, धिस, धिस. नो एग. हिअर. कॅन?"

काकांचा चेहरा उजळला. "कॅन, कॅन! यू व्हेरी स्मार्ट, आह." आणि तिच्या बशीत त्यांनी टोफूचा एक जास्तीचा तुकडा टाकला.

माझी मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "मावशी, यू सो पावरफुल, लाह!" रांगेतली माणसं हसली. बहीण हसली. दात दाखवून, मान मागे टाकून, लहानपणी हसायची तशी. तिचा नवराही हसला. सगळा नाश्ता होईपर्यंत तो हसत होता. त्याने शेवयांना हात लावला नाही.

बंदराजवळच्या उंच इमारतीतून केबल कार निघते आणि समुद्रावरून पलीकडे सेंटोसा बेटावर जाते. खाली निळंहिरवं पाणी, पांढऱ्या आगबोटी, समोर झाडीने भरलेला डोंगर. पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास तिथे न्यायचो. एका केबिनमध्ये आम्ही पाचजण आरामात मावलो असतो. पण तो म्हणाला, "आम्हाला दोघांना वेगळी केबिन द्या. हनिमूनला कुठे गेलो नाही, निदान फोटो तरी काढतो." बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन म्हटलं, "मी येते की तुमच्यात." तोवर आमची केबिन समोर आली होती. कर्मचाऱ्याने आम्हा तिघांना आत बसवून दार लावलं, आणि मागच्या केबिनमध्ये तो तिला ढकलताना मला काचेतून दिसला.

पाण्यावर आल्यावर मी मागे वळून गुडघ्यांवर बसले. त्यांच्या केबिनचा फोटो घ्यावा म्हणून फोन वर केला आणि चित्र मोठं केलं. काच, ऊन, दोन आकृत्या. आधी मला वाटलं तो तिला जवळ घेतोय.

त्याने तिचे केस मुठीत धरले होते. त्याने तिचं डोकं काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. केबिन हलकेच हेलकावली. तिचा गाल काचेला चिकटून पांढरा पडला होता आणि तिच्या मागे आकाश लख्ख निळं होतं. मग त्याने तिला बाकावर पाडलं आणि गुडघा तिच्या छातीवर रोवला. मोकळ्या हाताने तो तिच्या तोंडावर मारत होता. घाईने नव्हे. एक मारायचा, थांबायचा, काहीतरी बोलायचा, मग दुसरा.

मी ओरडले. माझा नवरा उठला आणि आमचीही केबिन डोलली. मुलगी रडायला लागली, त्याने तिचं तोंड आपल्या पोटाशी धरलं. मी काचेवर दोन्ही हातांनी मारायला लागले. "सोड तिला! सोड! सोड रे नालायका!" आजवर त्याला मी अहो-जाहो केलं होतं, तो जावई होता. माझा आवाज आमच्या काचेच्या बाहेरही गेला नसेल. खाली पाणी होतं, वर तार होती, आणि ती तार सावकाश, ठरलेल्या वेगाने सरकत होती. दार बाहेरून बंद. मी दाराची फट नखांनी उचकटायला गेले तेव्हा नवऱ्याने मला मागे ओढलं. मी त्याच्या हाताला चावले. ती खूण त्याच्या मनगटावर बरेच दिवस होती.

समोरून येणाऱ्या केबिन आमच्या बाजूने जात होत्या. त्यातल्या एकात एक म्हातारं चिनी जोडपं होतं, डोक्यावर सहलीच्या कंपनीच्या लाल टोप्या. मी त्यांना हाताने मागे दाखवलं. मागे बघा, मागे! त्यांनी मला हात हलवून दाखवला. त्यांना वाटलं मी आनंदाने टाटा करतेय. मग ते पुढे गेले, आणि त्यांची केबिन मागच्या केबिनशेजारून जाताना ती म्हातारी बाई ताडकन उभी राहिलेली मला दिसली.

आम्ही सेंटोसाच्या बाजूला पोहोचलो. दार उघडताच माझा नवरा उडी मारून बाहेर पडला आणि तिथल्या कर्मचारी बाईला म्हणाला, "मागच्या केबिनमधला माणूस बायकोला मारतोय." ती मलायी बाई होती, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेली, पन्नाशीच्या पुढची. तिने काहीही न विचारता हात वर करून आतल्या माणसाला खूण केली आणि तारेचा वेग कमी झाला.

केबिन आत आली. दार उघडलं. तो आधी उतरला, हसत, भांग नीट केलेला. त्याने हात देऊन बहिणीला उतरवलं. तिने ओढणी तोंडाभोवती घट्ट धरली होती आणि डाव्या हाताने उजवा हात पोटाशी आवळला होता.

"मोशन सिकनेस," तो त्या बाईला म्हणाला. "माझ्या पत्नीला उंचीची भीती वाटते. तोंडावर पडली. आम्हाला फक्त थोडं पाणी हवंय." उच्चार स्वच्छ, व्याकरण बिनचूक.

बहीण काहीतरी बोलली. ओढणीतून, अगदी हळू.

"ती म्हणतेय तिला चक्कर येतेय," त्याने भाषांतर केलं.

ती मलायी बाई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बहिणीकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "यू सिस्टर, आह? व्हॉट शी से?"

तो माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, अजून हसतच, "ताई, विचार करून बोला. घरातली गोष्ट आहे. तुमच्या आईला काय वाटेल?"

बहीण पुन्हा बोलली. या वेळी मोठ्याने. "मला यांच्याबरोबर जायचं नाही. यांनी माझं बोट मोडलंय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. माझं इंग्रजी तेव्हा मोडकंतोडकं झालं होतं, क्रियापदं घसरत होती, पण त्या बाईने मान हलवली आणि ती सरळ त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्याच क्षणी तिच्या खांद्यावरचा वॉकी-टॉकी खरखरला. पलीकडच्या टोकावरून कोणीतरी सांगत होतं की उतरलेले दोन प्रवासी चिनीत ओरडताहेत, एका केबिनमध्ये माणूस बाईला मारतोय.

तेव्हा त्याचं हसू गेलं. त्याने त्या बाईला खांद्याने ढकललं आणि बहिणीचे केस पुन्हा धरले. "चल म्हटलं ना." पुढे काय झालं ते मला सलग आठवत नाही. माझा नवरा त्याच्या अंगावर पडला. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कोणाशी मारामारी केलेली नाही, त्याला मारता येत नाही. त्याने फक्त त्याची कंबर धरून ठेवली आणि वरून त्याच्या पाठीत कोपरं बसत होती. मी बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडावर झडप घातली. माझी नखं त्याच्या गालात गेली आणि मी ती खाली ओढली. मला त्याचा डोळा काढायचा होता, हे मी आज शांतपणे सांगू शकते. हाताला ओलं लागलं तेव्हा मला बरं वाटलं. तो माझ्या पोटात लाथ मारून मोकळा होणार, तेवढ्यात दोन कर्मचारी मुलांनी त्याला जमिनीवर दाबलं. तो खालून ओरडत होता, आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत शिव्या. बहिणीच्या हातात आता ओढणी नव्हती. तिचा ओठ फाटला होता आणि एक डोळा बंद होत चालला होता. ती उभी राहून त्याच्याकडे बघत होती, जणू जमिनीवर दाबलेला माणूस कोण आहे हे तिला ओळखता येत नव्हतं.

पोलीस लवकर आले. त्यांतला एक तमिळ होता. बहिणीच्या नवऱ्याला त्याला बघून हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. तो हिंदीत म्हणाला, "भाईसाब, आप तो अपने आदमी हैं. मियाँ-बीवी का मामला है."

"सर, आय डोंट स्पीक हिंदी," तो पोलीस म्हणाला. "इंग्लिश ऑर तमिळ."

भारतीय चेहऱ्याला हिंदी येत नाही हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्याने पुन्हा हिंदीत सांगितलं. पोलिसाने त्याला खुर्ची दाखवली आणि बहिणीसाठी रुग्णवाहिका बोलावली.

मग ते म्हातारं चिनी जोडपं आलं. ते पलीकडे उतरले होते, पण आपला गट सोडून पुन्हा केबिनमध्ये बसून परत आले होते. चीनमधल्या कुठल्याशा गावचे. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. चिनी बोलणारा पोलीस यायचा होता, पण म्हातारीला दम नव्हता. तिने आपल्या नवऱ्याला बाकावर बसवलं. त्याच्या उरलेल्या चार केसांना मुठीत धरलं, डोकं मागच्या भिंतीशी नेलं आणि भिंतीला लागायच्या आत थांबवलं. पुन्हा नेलं. मग आपला गुडघा त्याच्या छातीपर्यंत वर उचलला आणि हवेत थप्पड मारली. एक. थांबली. दुसरी. म्हातारा निमूट बसला होता, टोपी मांडीवर धरून. ती हे करताना रडत होती आणि मधेच बहिणीच्या नवऱ्याकडे बोट करून काहीतरी किंचाळत होती. त्याच आवाजातल्या बोलण्याला आम्ही सगळेच, मीसुद्धा, गाडीत-बागेत कपाळाला आठ्या घालत आलो होतो. रांगा मोडणारे, आरडाओरडा करणारे टूरवाले. निघताना म्हातारीने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या भाषेत बराच वेळ बोलली. बहीण मराठीत "हो, हो" म्हणत राहिली.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे निघाला. उजव्या हाताच्या तर्जनीचं हाड मोडलं होतं, डाव्या कानाचा पडदा फाटला होता. प्लास्टर घालेपर्यंत मी तिच्या खाटेशी बसले होते. ती स्वतःहून बोलायला लागली.

"कॅन म्हण, म्हणाले. म्हण, कॅन कॅन. मी म्हटलं की मारायचे. नाही म्हटलं तरी मारायचे. मग म्हणाले, कुठल्या बोटाने दाखवलंस त्या म्हाताऱ्याला? मी लपवलं. त्यांनी शोधून काढलं."

ती थांबली, मग म्हणाली, "मला वाटलं खाली टाकतील. मी दाराकडे बघत होते, कडी आतून आहे का. नव्हती. मग जरा शांत वाटलं."

तिच्या पाठीवर इस्त्रीचा जुना डाग होता, बरगडीखाली आणखी काही. डॉक्टर बाई प्रत्येक ठिकाणी हात ठेवून विचारत होती आणि बहीण वर्षाच्या, सणाच्या खुणेने सांगत होती. हा दिवाळीचा. हा सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं तेव्हाचा. मी भाषांतर करत होते. वर्षश्राद्ध शब्दाशी मी अडले. डॉक्टर म्हणाली, राहू दे, कळलं.

पोलीस ठाण्यात मात्र मला भाषांतर करू दिलं नाही. मी बहीण, शिवाय साक्षीदार. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक मराठी दुभाषी बोलावल्या, तिथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या आजी. त्यांची मराठी जुन्या वळणाची होती. बहीण त्यांच्यासमोर सगळं बोलली, अथपासून इतिपर्यंत, आणि मी बाहेर बाकावर बसले होते. तिने काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. मलाही त्याचा गाल फाडल्याबद्दल जबाब द्यावा लागला. ताकीद मिळाली.

मोडलेलं हाड ही तिथल्या कायद्याने गंभीर दुखापत. बहिणीने तक्रार मागे घ्यावी असं काही उरलंच नव्हतं, खटला सरकारचा होता. त्याचा पासपोर्ट जमा झाला. तो जामिनावर सुटून लिटिल इंडियातल्या एका लॉजवर राहिला. हे आईला समजावणं सगळ्यांत कठीण गेलं.

"अगं, दोन थोबाडीत मारल्या म्हणून माणसाला तुरुंगात टाकतात?" आई फोनवर म्हणाली. "त्या देशात माणुसकी नाही का?"

"आई, बोट मोडलंय तिचं."

"बोट बरं होईल. संसार बरा होईल का? तू पोलिसांना सांग, गैरसमज झाला. भाषा कळली नाही म्हणावं."

बहीण शेजारीच होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. प्लास्टरच्या हाताने तिला तो नीट धरता येत नव्हता. "आई," ती म्हणाली, "मला पाठीवर इस्त्री लावली तेव्हा तुला फोन केला होता. तेव्हा तू म्हणालीस, तेल लाव." एवढं बोलून तिने फोन मला परत दिला.

आई नंतर बदलली, पण लगेच नाही. आधी तिने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस साताऱ्याच्या घरी जाऊन तिने बहिणीची कपाटं रिकामी केली, भांडीकुंडी टेम्पोत घातली, आणि अडवायला आलेल्या बहिणीच्या थोरल्या जावेला ढकलून खाली पाडलं, असं कळलं. आईने ते मला कधी सांगितलं नाही. टेम्पोवाल्याने सांगितलं.

सिंगापूरच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. वकिलाने त्याच्या वतीने सांगितलं की त्यांच्या संस्कृतीत हे घडतं, आरोपी परक्या देशात गोंधळून गेला. माझ्या शेजारी बसलेल्या बहिणीने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतोय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या बाबांनी कधी आईवर हात उचलला का गं? मग ही कुठली संस्कृती?" एका शिपायाने गप्प राहायची खूण केली. बहिणीच्या नवऱ्याला तुरुंगवास झाला, तो भोगून त्याला परत पाठवलं आणि पुन्हा यायला बंदी घातली. तो बसला होता त्या पिंजऱ्यासारख्या जागेतून बाहेर नेताना त्याने बहिणीकडे बघितलं नाही. माझ्या नवऱ्याकडे बघून मात्र गालावरून बोट ओढून दाखवलं, माझ्या नखांच्या खुणेवरून.

आठवड्यांमागून आठवडे बहीण आमच्याकडे राहिली. सुरुवातीला कुकरची शिट्टी झाली तरी ती खाली बसायची. लिफ्टमध्ये शिरायची नाही, बंद डबा म्हणून. नवव्या मजल्यावरून जिन्याने उतरायची. समोरच्या घरातली चिनी आजी एकदा तिला जिन्यात भेटली आणि न बोलता तिच्याबरोबर उतरत खाली गेली, नंतर रोजच जायला लागली. दोघी काय बोलायच्या देव जाणे. मी एकदा वरून ऐकलं, तर आजी होक्कियन या चिनी बोलीत आणि बहीण मराठीत, दोघी एकाच वेळी, तारस्वरात. कोणालाही वाटावं भांडताहेत. मी धावत खाली गेले, तर दोघी सुनेची गाऱ्हाणी केल्यासारख्या मजेत होत्या, आजीच्या हातात शेपूच्या जुड्या.

मग ती भारतात परतली, साताऱ्याला नाही, पुण्याला. दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. बोट पूर्ण वळत नाही, पेन मधल्या दोन बोटांत धरते. घटस्फोटाचा दावा साताऱ्यात चालला आणि लांबत गेला. तिकडे त्याने क्लास पुन्हा सुरू केला होता. बोर्डावर नावाखाली मोठ्या अक्षरांत "सिंगापूर रिटर्न्ड" लिहिलं होतं. बॅचेस पूर्वीपेक्षा जास्त भरायच्या. बहिणीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती आणि मी हसू शकत नव्हते. माझ्या हाताची नखं तळव्यात रुतली होती.

एका तारखेला ती एकटी गेली होती. कोर्टाच्या आवारात, झाडाखाली, पक्षकारांच्या गर्दीत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आजूबाजूला खेड्यापाड्यातली माणसं, डबे सोडून बसलेली. तो हळू आवाजात, हसत, इंग्रजीत तिला काहीतरी म्हणाला. तिला सगळं कळलं. दवाखान्यात बसून तिचं इंग्रजी सुधारलं होतं. तुला जिवंत सोडणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

ती मोठ्याने म्हणाली, "मराठीत बोला. या सगळ्यांना कळू दे."

जेवणारी माणसं घास हातात धरून वळली. त्याने भांगावरून हात फिरवला आणि बाजूला झाला. मग तिची वकील बाई फायली सांभाळत आली, पुकारा झाला, आणि त्या दोघी आत गेल्या.